तीन नंबरचं टिंब

वारा कुठून येतो हे सांगायचा मला पगार मिळतो. कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर मी हे मोठ्या ऐटीत बोललो होतो, तेव्हा शेजारच्या बाकड्यावरचा ट्रकवाला तर्रीत पोळी बुडवत म्हणाला, "आन कुठं जातो ते सांगायला दुसरा माणूस ठेवलाय का?" सगळे हसले, मीही हसलो. त्या वेळी मला स्वतःवर हसणं परवडत होतं.

काम काय, ते आधी सांगून टाकतो. एखाद्या माळावर पवनचक्क्या उभ्या करायच्या तर तिथं वारा किती, केव्हा आणि कुठून येतो हे आधी कळायला हवं. ते कळायचे दोन रस्ते. एक म्हणजे माळावर उंच लोखंडी खांब उभा करायचा, त्याच्या टोकाला वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या आणि दिशा दाखवणारी एक शेपूट बसवायची आणि वर्षभर मोजत बसायचं. दुसरा म्हणजे हवामानाचं मॉडेल. संगणकात जमिनीचे आणि आभाळाचे चौकोन पाडायचे, डोंगर कुठं, पिकं कुठं, जमीन तापते किती, हे सगळं त्याला खाऊ घालायचं आणि हवा कशी वाहील ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं. खांब एका जागेचं एका वर्षाचं सांगतो. मॉडेल मागच्या वीस वर्षांचं सांगतं आणि उद्याचंही सांगतं, पण अंदाजाने. या दोघांची सोयरीक जुळवायची, हा माझा धंदा. खांब आणि मॉडेल भांडले, तर खांबाचं ऐकायचं असं आम्हाला शिकवलेलं. मोजलेलं ते खरं.

मी पुण्यात शिकलो, पण मूळचा हिंगोलीतल्या हट्ट्याकडचा. त्यामुळे हा माळ माझ्याकडे आला तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "तुझ्याच जिल्ह्यातलं आहे, तुला भाषा येते." भाषा यायची. बाकी काय येत नव्हतं, ते पुढे येईलच.

माळ नाक्यापासून आत, एका गावाच्या डोक्यावर. उत्तर-दक्षिण पसरलेली लांबट धार, वर नुसता मुरूम आणि कुसळी गवत. धारेच्या पूर्व उतारावर, खांद्यावर बसल्यासारखा, एकच आखाडा. आमच्याकडे शेतातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात, माणूस तिथं राहत असला तरी. या आखाड्यात एक बाई राहायची. पन्नाशी ओलांडलेली, काटक, आवाज असा की खाली गावातल्या बकरीला वरून शिवी ऐकू जावी. खांबाला ताण द्यायला तारा असतात. त्या चोरीला जाऊ नयेत, त्यांना कुणी जनावर बांधू नये म्हणून राखणदार लागतो. आखाडा सगळ्यात जवळ म्हणून तिला ठेवलं. मी तिला मावशी म्हणायचो.

तिची गोष्ट गावाने मला पहिल्याच दिवशी सांगितली, ती ऐकत असताना, ती तिथं नसल्यासारखी. नवऱ्याने दुसरी केली, ही माहेरी आली. भावाच्या घरात पुष्कळ वर्षं काढली. सगळ्यांच्या मागून जेवायची, सगळ्यांच्या आधी उठायची. बाप मरताना म्हणाला, माळाच्या खांद्यावरचा हा दगडधोंडा पोरीला. तोंडीच म्हणाला, सातबाऱ्यावर नाव भावाचंच राहिलं. हिने दगड वेचले, कुड विणले, शेणामातीने लिंपले, एक सागवानी दार मिळवलं आणि वर राहायला आली.

"सोताच्या घरात सोताच्या हातानं जेवायचं, पहिल्या वाफेचं," ती म्हणायची. "एवढंच मागितलं म्या देवाला. बाकी सोनंनाणं भावजयीला देऊ दे."

लक्षात ठेवा. तिचं सगळं एवढंच होतं. मी ठेवलं नाही.

खांब उभा केला तो दिवस आषाढातला. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, चिखल मात्र होता. खांबाच्या टोकाला शेपूट बसवताना एकदाच तिला सांगावं लागतं की बाई, उत्तर ही. त्यासाठी ज्या भुजेवर ती बसते ती भुजा बरोबर उत्तरेला वळवायची. त्यानंतर ती वर्षभर काही विचारत नाही. मी खिशातून होकायंत्र काढलं. लोखंडी खांबाशेजारी ते दारू प्यायल्यासारखं फिरायला लागलं. करायचं काय, तर शंभर पावलं लांब जाऊन तिथून नेम धरायचा. लांब म्हणजे चिखल. पायात नवे बूट होते. मी मोबाइल काढला. मोबाइल म्हणाला, मला हवेत आठच्या आकारात फिरवा. मी फिरवला. कामगार हातातलं सोडून बघत राहिले.

"आरती चालू झाली," मावशी म्हणाली. "कुणी तरी घंटी वाजवा."

हशा झाला. मी आणखी दोन आठ काढले. मोबाइलने आधी एक दिशा सांगितली, मग दुसरी, मग बॅटरी संपल्याचं सांगून तोंड मिटलं.

"साहेब, दिवस कुठून निंगते ते तर ठाऊक हाय ना?" ती म्हणाली.

"ढगात दिसतोय का तुम्हाला दिवस?" मी खेकसलो.

तेवढ्यात मला खाली मारुती दिसला. गावच्या रस्त्याकडेला नवं देऊळ, पांढराशुभ्र कळस, पुढे मोठं दार. वरून अगदी स्पष्ट. मी सामान वाहायला आलेल्या एका गावकऱ्याला विचारलं, "मारुती दक्षिणमुखी आहे का हो?"

"व्हय तर! पंचक्रोशीत एकच. बोर्डच हाय की तसा."

झालं. दक्षिणमुखी मारुती म्हणजे त्याचं तोंड दक्षिणेला, पाठ उत्तरेला. देवाहून पक्कं होकायंत्र कुठलं? मी देवळाच्या दारावरून नेम धरला, भुजा मारुतीच्या पाठीच्या दिशेने वळवून घेतली आणि नोंदवहीत लिहिलं, उत्तर निश्चित केली. बुटांना चिखल लागला नाही. त्या दिवशीचं ते एकमेव यश.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ जरा उघडलं. मी आखाड्याच्या पलीकडच्या उतारावर उभं राहून खांबाचा फोटो काढला. लाल गोळा वर येतोय आणि वरची भुजा बरोबर त्याच्यात घुसलेली. इतका सुंदर फोटो की पुढे अहवालाच्या मुखपृष्ठावर मी तोच टाकला.

वर्ष गेलं. त्या वर्षात मॉडेल मी आधीच चालवून ठेवलं होतं. त्याने सांगितलं, पावसाळ्यात या माळावर वारा पश्चिमेचा आणि वर्षभराच्या विजेचा मोठा वाटा तोच देणार. त्यावरून पहिला नकाशा काढला. पवनचक्क्या वाऱ्याला छाती देऊन आडव्या रांगेत उभ्या करायच्या असतात. एकामागे एक उभ्या केल्या तर पुढचीने खाल्लेला वारा मागचीला उष्टा मिळतो. वारा पश्चिमेचा, म्हणून रांग उत्तर-दक्षिण. धार तर आयतीच उत्तर-दक्षिण. तिच्या कण्यावर मी सात टिंबं मांडली. वर गवताशिवाय काही नव्हतं, कुणाचं काही मोडणार नव्हतं. तो नकाशा बरोबर होता. माझ्या आयुष्यात मी काढलेला सगळ्यात बरोबर नकाशा तो, आणि तो मी स्वतः फाडला.

कारण खांब म्हणाला, वारा दक्षिणेचा.

मी आनंदाने वेडा व्हायचा राहिलो होतो. मॉडेल पश्चिम म्हणतं, मोजमाप दक्षिण म्हणतं, म्हणजे इथं काहीतरी स्थानिक गूढ आहे! ओढ्याच्या खोऱ्यातून वारा वळत असणार, धारेला घासून फिरत असणार. मी त्यावर दोन पानं लिहिली. मग मॉडेलला वठणीवर आणायला बसलो. त्याच्यातल्या टेकड्या उंच केल्या, खोरं खोल केलं, गवताचं रान केलं. मॉडेल बिचारं गरीब असतं. पोलिसांसारखं बसवून मारलं की करतं कबूल. दोन आठवड्यांनी तेही म्हणायला लागलं, व्हय साहेब, दक्षिणेचाच.

त्यावर मी एका परिषदेत भाषण दिलं. शाल मिळाली, नारळ मिळाला. 'माळावरचा वळणारा वारा' असं मी त्याचं बारसं केलं होतं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी प्रश्नोत्तरात विचारलं, "शेपटीची उत्तर तपासली आहे ना?" मी म्हणालो, "अर्थात." टाळ्या.

वारा दक्षिणेचा, म्हणजे रांग पूर्व-पश्चिम. रांग धारेवरून उतरून उताराच्या खांद्यावर आली. दुसऱ्या नकाशात तीन नंबरचं टिंब मावशीच्या आखाड्यावर पडलं. शेजारी नाही, वर. तिच्या चुलीवर.

नकाशा गावाला दाखवायची बैठक देवळापुढच्या ओट्यावर झाली. संध्याकाळची वेळ. 'दक्षिणमुखी मारुती' असा बोर्ड वर, त्याच्याखाली मी नकाशा पसरून बसलेलो. मावळतीचं ऊन थेट गाभाऱ्यात शिरून मारुतीच्या तोंडावर पडलं होतं आणि शेंदूर नुसता पेटला होता. मी म्हणालो, "वा, काय तेज आहे!" आणि त्याचाही फोटो काढला. आता तुम्हीच सांगा, एखाद्याला देवाने याहून जास्त काय दाखवायचं असतं?

मावशीचा भाऊ पुढे बसला होता. त्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याची सही लागणार, त्यामुळे त्याला खुर्ची दिली होती. भावजय बायकांत. मावशी चपलांजवळ उभी.

मी वाऱ्याचं समजावून सांगितलं. मग तिने विचारलं, "कुठला वारा म्हणता?"

"दक्षिणेचा."

"न्हाई."

"काय नाही?"

"तिकून वारा येत न्हाई. पावसाळ्याचा वारा मावळतीकून येते. जल्मापासून पाहून राहिले म्या."

एक-दोघे म्हातारे मान हलवायला लागले होते. मी ते पाहिलं आणि घाबरलो. शाल, नारळ, दोन पानं. मग मी जे केलं ते आमच्या धंद्यातले लोक नेहमी करतात, मी फक्त जास्त चांगलं केलं.

"मावशी," मी गोड आवाजात म्हणालो, "खांबावरचं यंत्र दर दहा मिनिटांनी मोजतं. वर्षभर, झोपत नाही. तुम्ही काय काय मोजलंय?"

"म्या भूस उडतेलं पाह्यलंय."

"भूस!" मी लोकांकडे वळलो. "अरे, मग आम्ही एवढं शिकलो कशाला? मावशीला पुण्याला न्यायला पाहिजे. खुर्चीवर बसवू, समोर सूप ठेवू, आणि संगणक विकून टाकू!"

हशा उठला. गाव हसलं म्हणजे कसं हसलं ते लिहून दाखवता येत नाही. म्हातारेसुद्धा हसले. आणि बायकांतून भावजयीचा आवाज आला, "वाऱ्याची इंजिनेर हाय ती! नवरा कुण्या दिशेनं गेला ते न्हाई कळलं, वाऱ्याची दिशा सांगून राहिली!"

त्यावरचा हशा पहिल्याहून मोठा होता. मीही हसलो. विनोद चांगला होता, काय करणार. मावशी हसणं संपायची वाट बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आखाड्यावर चला, साहेब. दाखवते."

गेलो. उगाच वाईटपणा नको म्हणून. भाऊही बरोबर होता, तोंडात सुपारी.

वर वारा मोकाट सुटला होता. तिने आखाड्याला एक फेरी मारायला लावली. "या मावळतीच्या कुडाला दार हाय? खिडकी हाय? न्हाई. काहून न्हाई? भोक ठेवलं तर चूल पेटत न्हाई पावसाळ्यात, पेटली तर घर पेटवते. हितं दगड लावले, दुप्पट लिंपलं. आन दक्षिणेकून पाहा, नुसती तुराटी हाय. तिकून वारा आला असता तर उडून गेलं असतं ना घर!"

आमच्या हट्ट्याकडच्या आखाड्यालाही मावळतीला दार नव्हतं. मी त्याच आखाड्यात लहानाचा मोठा झालो. त्या क्षणी मला ते आठवलं का? आठवलं. एवढंही खोटं बोलणार नाही. आठवलं आणि मी ते मागे ढकललं, जसं भरल्या पोटी ताट ढकलतात.

तिने सुपात तिळाचं भूस घेतलं, दगडावर चढली आणि सोडलं. भूस उगवतीकडे गेलं. सरळ, रांगेत, शिकवल्यासारखं.

"खाली वारा वेगळा असतो मावशी," मी म्हणालो. "वर खांबाच्या टोकाला वेगळा."

"मंग पाऊस बी खाली एक आन वर एक पडते का?"

भाऊ फिसकन हसला आणि सुपारी थुंकली. मला राग आला. हसायचं कुणाला आणि कुणी, याची त्या दिवशी वाटणी झाली होती, ती मोडलेली मला चालणार नव्हती.

मग भाऊ उतारावर बांधलेल्या आपल्या बैलाकडे गेला तेव्हा ती दगडावरून उतरली. आवाज खाली आणला. तो आवाज खाली येतो हे मला तेव्हाच कळलं.

"दादा," ती म्हणाली. साहेब नाही, दादा. "वाऱ्याचं असू द्या. तुमचंच बराबर. पर ते टिंब जरासं सरकवा. कागदावर बोटभर. म्या त्या घरात परत न्हाई जाऊ शकत. तिथं मला ताट न्हाई, उरलेलं हाय."

सरकवता आलं असतं का? आलं असतं. वीज थोडी कमी दाखवली असती, एक ओळ लिहावी लागली असती. रोज टिंबं सरकवतो मी. कुणाची विहीर आली, कुणा पुढाऱ्याची चिकूची बाग आली की बोटभर काय, हातभर सरकवतो. पण या बाईने मला भूस दाखवलं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "वारा माझ्या सांगण्यावर चालतो का? जिथं वारा, तिथं टिंब."

हे वाक्य मला इतकं आवडलं की खाली उतरल्यावर मी ते ड्रायव्हरलाही ऐकवलं.

आखाडा पाडायला उन्हाळ्यात मशिन आलं. भावाने सही केव्हाच केली होती. जागेची खूण करून द्यायला मी हजर होतो, हातात चुन्याची पिशवी. तिने सामान आधीच बाहेर काढलं होतं. दोन पातेली, सूप, तिवई, गोधड्या. चूल तेवढी राहिली. मातीची चूल उचलता येत नाही, उचलली की ती माती होते. ती चुलीसमोर बसली आणि भाकर भाजली. एकच. मशिनवाला इंजिन चालू ठेवून थांबला.

"मावशी, आवरा," मी म्हणालो. "मशिन तासावर असतं."

"जेवून राहिले," ती म्हणाली. "पहिल्या वाफेचं हाय. थांबा."

थांबलो. ती सावकाश जेवली. मग बिजागऱ्या खोलून सागवानी दार काढलं, डोक्यावर घेतलं आणि माळ उतरली. मागे मशिनने काम सुरू केलं. ते फार वेळ चाललं नाही, कुडाला किती वेळ लागतो. मी चुन्याने गोल काढला आणि मध्ये तीनचा आकडा लिहिला. तीन फार सुबक आला होता.

महिन्याभराने एक तपासनीस नेमली गेली. बाहेरची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलगी. अहवाल दुसऱ्या डोळ्यांनी पाहायचा, एवढंच तिचं काम. तिने मला संगणकावरून गाठलं, समोर माझा अहवाल उघडलेला.

"सर, दिशादर्शकाची भुजा उत्तरेला आहे ना?"

"बरोबर उत्तरेला."

"आणि मुखपृष्ठावरचा फोटो?"

"सुंदर आहे ना? सूर्योदयाचा."

तिने फोटो पडद्यावर मोठा केला. मग ती अगदी आदराने म्हणाली, "सर, हिंगोलीत सूर्य उत्तरेला उगवतो का?"

मी फोटो पाहिला. वर्षभर रोज पाहत होतो. भुजा सूर्यात घुसलेली होती, बाणासारखी.

दुसऱ्या दिवशी मी देवळात उभा होतो. पुजाऱ्याला विचारलं, "हा दक्षिणमुखीच ना?"

"व्हता की. रस्ता रुंद झाला तवा देऊळ मागं घेतलं. रस्त्यानं जाणाऱ्यायला दर्शन घडावं म्हणून तोंड रस्त्याकडं केलं, मावळतीला."

"आणि बोर्ड?"

"देवाचं नाव हाय ते. नाव कोण बदलून राहिलं?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमी देवळात आले व्हते का विचारायला?" पुजारी म्हणाला. "वरून पाहून गेले."

दुरुस्ती सोपी होती. मोजणीच्या तक्त्यात दिशेच्या रकान्यात नव्वद मिळवायचे. एक बटण. वर्षभराचा वारा एका बटणासरशी दक्षिणेकडून उठून पश्चिमेला जाऊन बसला. मॉडेलच्या टेकड्या मी पुन्हा खाली आणल्या, रानाचं गवत केलं, आणि न मारता त्याने पहिल्या दिवशी सांगितलेलंच सांगितलं. अहवालात मी लिहिलं, 'दिशेच्या नोंदींतील विचलन वेळेत लक्षात आणून दुरुस्त केले.' वरिष्ठांचं पत्र आलं, अशी दक्षता दुर्मिळ असते. मला बढती मिळाली ती याच वर्षी. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, असं मी घरी सांगतो.

सात टिंबं पुन्हा धारेवर चढली. तीन नंबर आता वर आहे, गवतात. आखाड्याच्या जागेवर काहीच येणार नाही. भावाने तिथं सोयाबीन पेरलं. मोकळी झालेली जमीन कोण सोडतं?

मी तिच्याकडे गेलो. मनाची टोचणी वगैरे म्हणायला छान वाटतं, पण खरं सांगायचं तर तिला दुसऱ्या कुणाकडून बातमी कळण्याआधी आपण गेलेलं बरं, असा हिशोब होता. ती भावाच्या ओसरीत बसून ज्वारी पाखडत होती. मागे भिंतीला तिचं दार उभं केलेलं. त्यावर भावजयीने ओली लुगडी वाळत टाकली होती.

मी सगळं सांगितलं. मारुती, भुजा, फोटो, नव्वद. तिने सूप थांबवलं नाही.

"म्हंजे माझं बराबर व्हतं?"

"बरोबर होतं, मावशी."

"वारा मावळतीचाच?"

"मावळतीचाच."

"आन आखाडा उगाच गेला."

मी काहीतरी बोललो. भरपाई, प्रयत्न, वरिष्ठ, असे शब्द त्यात होते.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "भाऊ देणार न्हाई आता जागा, मला ठाऊक हाय. एक करा. ओट्यावर चला आन हेच समद्याईला सांगा. जसं त्या दिवशी सांगितलं तसं. मला गावात वाऱ्याची इंजिनेर म्हणून राहिले दादा, लेकरं सुद्धा. ताटात उरलेलं वाढताना भावजय तेच म्हणते. तेवढं काढून टाका. बाकी म्या सोसते."

"सांगतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. देवळापर्यंतचं अंतर शंभर पावलं असेल, तेवढी मनापासूनची वाट माझ्याकडे होती.

ओट्यावर तीच मंडळी. कुणीतरी खुर्ची दिली, कुणीतरी चहा सांगितला. "साहेब, ऐकलं पंखे पुन्यांदा वर गेले? काय झालं म्हंता?" भाऊही होता. मावशी मागून आली आणि चपलांजवळ उभी राहिली, त्याच जागी. ऊन मारुतीच्या तोंडावर होतं.

मी कप हातात घेतला. सगळे बघत होते, तेच डोळे, मी हसवलेले. मी तोंड उघडलं.

"काही नाही," मी म्हणालो. "यंत्रात बिघाड होता."

"असं व्हय," लोक म्हणाले. "यंत्रच ते. त्याचा काय भरवसा."

मी मावशीकडे पाहिलं नाही. पण तिचा आवाज आला, वरचा, बकरीला शिवी देणारा नव्हे, तो खालचा.

"यंत्राला काय बोलता," ती म्हणाली. "त्याला बिचाऱ्याला तोंड न्हाई."

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "इंजिनेर बोलली!" आणि ओटा हसला. मला वाचवायला हसला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. घराकडून भावजयीची हाक आली, ज्वारी तशीच टाकून कुठं गेली म्हणून. मावशी वळली आणि गेली.

हे मी इथं लिहितोय. ती वाचत नाही, आणि गावात पुस्तकं जात नाहीत. तेही मी बघूनच घेतलंय.

चहा गोड होता. कुणीतरी म्हणालं, "साहेब, अजून अर्धा घ्या." मी घेतला.